पॅरिस २०२४: शातोरू, कोलोंब आणि जांभळा ट्रॅक

२०२४ च्या जून-जुलैमध्ये आमच्या घरात वेळेवर झोपलं असं कुणीच नव्हतं. २९ जूनला बार्बाडोसला सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला आणि आमच्या गल्लीत रात्रभर फटाके वाजले. १४ जुलैला संध्याकाळी विम्बल्डनची फायनल, मध्यरात्रीनंतर युरोची, आणि डोळा लागतोय तोवर पहाटे कोपा अमेरिकाची. कोल्हापूरकरांना फुटबॉलचं जागरण नवीन नाही. तालमी-तालमींची भांडणं आमच्याकडे शाहू स्टेडियमवर सुटतात (किंवा वाढतात), आणि वर्ल्डकप आला की पेठांमध्ये ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात.

या सगळ्यात तेल ओतलं ते माझ्या फ्रँकफर्टच्या मामेभावाने. बंट्या १ जुलैला पोर्तुगाल-स्लोव्हेनिया मॅचला हजर होता. जादा वेळेत रोनाल्डोची पेनल्टी हुकली, तो भर मैदानात रडला आणि मग गोलकीपर दियोगो कोश्ताने शूटआउटमध्ये तीनच्या तीन पेनल्टी अडवल्या, ती मॅच. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाज बसलेला. "ताई, टीव्हीवर बघण्यात काय राम नाही बघ. ऑलिंपिकला ये तू. पॅरिसपर्यंत मी रेल्वेने येतो."

व्हिसा, रजा, विमान हे सगळं रीतसर झालं. तिकिटांबद्दल मात्र सांगते. अधिकृत पुनर्विक्रीच्या साइटवर लोक जमत नसलेली तिकिटं शेवटच्या दिवसापर्यंत परत टाकत होते. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास त्यावर बसायचं. जिम्नॅस्टिक्स नि पोहण्याचा नाद सोडायचा. हॉकी, नेमबाजी आणि सकाळची सत्रं बघायची, ती मिळत होती. तिकीट फक्त मोबाइलच्या ॲपवर होतं, कागदावर नाही, त्यामुळे पॉवर बँक पासपोर्टइतकीच जपायची.

३१ जुलै: शातोरू

पॅरिसला उतरले तेव्हा हवा एप्रिलमधल्या नागपूरसारखी. आदल्या दिवशी पारा पस्तिशीच्या वर गेला होता म्हणे. बंट्या स्टेशनवर घामाघूम उभा. शहर बघायला थांबलोच नाही, ऑस्टरलित्झ स्टेशनवरून थेट शातोरूची गाडी पकडली. नेमबाजी पॅरिसमध्ये नव्हतीच. ती दक्षिणेला, गाडीने दोनेक तासांवर असलेल्या या गावाबाहेर होती.

५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या फायनलची तिकिटं मी आधीच काढली होती. स्वस्त होती, आणि या प्रकारात आपली दोन पोरं होती: ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जाऊन आलेलं किंवा जाणाऱ्याला ओळखणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात सापडतं. तेजस्विनी सावंत आमची, राही सरनोबत आमची. त्यामुळे आम्हाला नेमबाजीतलं कळतं असा आमचा समज आहे.

पात्रता फेरीचा निकाल गाडीत कळला. स्वप्निल ५९० गुणांवर सातवा, म्हणजे आठात आला. तोमर ५८९ गुणांवर अकरावा, म्हणजे बाहेर. साठ गोळ्या, तीन वेगवेगळ्या आसनांत, आणि फरक एका गुणाचा. बंट्या उडालाच, "कांबळवाडीऽऽ!" समोरच्या बाईंनी पुस्तकातून मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी मात्र तोमरचा आकडा पुन्हा पुन्हा बघत बसले.

गावातली हॉटेलं केव्हाच भरली होती. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात वरची खोली मिळाली. बाईंनी रात्री जेवायला स्वतःहून बोलावलं. हा बेरीचा प्रदेश, इथली हिरवी मसूर नावाजलेली. शिजवून गार केलेली मसूर, वर कांदा, मोहरीचा आंबट रस, थोडं तेल. कोल्हापूर-कराडकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर खाऊन वाढलेल्या आम्हाला ती फिकी लागणार हे उघड होतं, तरी बंट्याने तीनदा वाढून घेतली. मग आलं व्हालांसे नावाचं बकरीच्या दुधाचं चीज. बाहेरून राख फासलेलं, आकार पिरॅमिडचा, पण टोक छाटलेलं. बाईंनी दंतकथा सांगितली: इजिप्तच्या मोहिमेत हात पोळून परतलेल्या नेपोलियनला टोकदार पिरॅमिड बघवेना, म्हणून त्याने तलवारीने शेंडा उडवला. खरं-खोटं देव जाणे. चीज उत्तम होतं.

१ ऑगस्ट: तो दिवस

फायनल सकाळी साडेनऊला. भारतात दुपारचा एक. गावातून बस होती, आम्ही पहिल्याच बसने गेलो.

नेमबाजी म्हणजे चिडीचूप शांतता, अशी माझी समजूत होती. फायनलला संगीत वाजतं, निवेदक बोलत राहतो, आणि लोक प्रत्येक गोळीनंतर ओरडतात. नेमबाजाने त्या कल्लोळातच आपला श्वास सांभाळायचा. आमच्या आजूबाजूला झेक लोकांचा एक घोळका होता, कारण त्यांचे दोघे फायनलला होते. पलीकडे एक मराठी कुटुंब निघालं, मूळ सांगलीचं, आता लंडनला. पाच मिनिटांत कोण कुणाच्या ओळखीतलं हे काढून झालं.

आधी गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्या, मग पालथं पडून पंधरा, मग उभ्याने. टीव्हीवर मधला वेळ कापतात, आणि बघण्यासारखं सगळं त्या मधल्या वेळातच असतं. ते जाड जॅकेट ताठ, पुठ्ठ्यासारखं. वाकताना आख्खं अंग एका फळीसारखं वाकतं. एका आसनातून दुसऱ्यात जायला मोजकी मिनिटं मिळतात. तेवढ्यात रायफलचा दस्ता बदलायचा, पट्टा लावायचा-काढायचा, घोट्याखालची उशी बाजूला टाकायची. सात जण घाईघाईने हात चालवत होते. स्वप्निलचीही घाई असणार, पण दिसत नव्हती. रेल्वेच्या पुणे विभागात तेव्हा तिकीट तपासनीस होता तो. मला उगाच वाटलं, भरल्या गाडीत चार्ट हातात घेऊन उभं राहायची सवय इथे उपयोगी पडत असेल. नंतर त्याने स्वतःच धोनीचं नाव घेतलं. तोही एकेकाळचा टीसी, आणि तसाच थंड डोक्याचा. त्या सकाळी स्वप्निलने काही खाल्लंही नव्हतं म्हणे, नुसता कोरा चहा पिऊन आला होता.

गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो सहावा. पालथ्यानंतर पाचवा. सांगलीचे काका म्हणाले, "आलं तेवढं पुष्कळ हो." बंट्याने त्यांच्याकडे असं बघितलं की काका गप्पच झाले. उभ्याच्या दहा गोळ्यांनंतर खालचे दोन जण बाहेर गेले आणि फलकावर नाव तिसरं. मग एकेका गोळीनंतर एकेक जण गळत जातो. झेकचा प्रिव्रात्स्की चौथ्या नंबरवर गेला तेव्हा आम्ही उड्या मारत होतो आणि शेजारचा झेक घोळका खाली बसला होता. त्यातल्या एका पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थाने उठून माझा हात हातात घेतला आणि मान हलवली. त्याच्या ठिकाणी मला ते जमलं असतं असं वाटत नाही.

४५१.४ गुण, कांस्य. चीनचा लिऊ युकुन पहिला, युक्रेनचा सेर्ही कुलिश दुसरा. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक म्हणाल तर १९५२ च्या हेलसिंकीनंतर, खाशाबा जाधवांनंतर, बहात्तर वर्षांनी. खाशाबांच्या वाटखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत न शिकवताही सगळ्यांना पाठ असते. बंट्याला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. तो जिन्यावर उभा राहून ओरडला, "नाद खुळा! कोल्हापूऽऽर!" सुरक्षारक्षक हसला, मग हळूच त्याला खाली उतर म्हणाला.

घरी फोन लावला तर कुणी उचलेना. सगळे गल्लीत होते.

परतीची गाडी दोन तास उशिरा आली, स्टेशनवर सावली नाही, पाण्याच्या नळाला रांग. त्या दिवशी ते अंगाला लागलं नाही.

२ ऑगस्ट: कोलोंब

हॉकी पॅरिसच्या उपनगरात, कोलोंबच्या इव्ह-दु-मानोआर स्टेडियमवर. सँ लाझार स्टेशनवरून लोकल, मग थोडं चालायचं. १९२४ च्या ऑलिंपिकचं मुख्य मैदान हेच. जुना स्टँड अजून उभा आहे, समोर नवं निळं टर्फ. शंभर वर्षांनी त्याच जागी.

इथे आम्ही परदेशात नव्हतोच. ढोल, भांगडा, टर्फवर पाण्याचे फवारे, आणि समोर ऑस्ट्रेलिया. अभिषेकचा गोल, लगेच पुढच्या मिनिटाला हरमनप्रीतचा. शेवटी ३-२. ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं ते १९७२ नंतर पहिल्यांदा. पुढच्या रांगेतले जालंधरचे आजोबा म्युनिकच्या संघाची नावं घडाघडा म्हणून दाखवत होते.

इथल्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या. स्पर्धेच्या ठिकाणी कार्ड चालायचं ते फक्त व्हिसाचं, नाहीतर रोख युरो जवळ लागायचे. पेयाच्या प्लॅस्टिक पेल्याचे दोन युरो अनामत घ्यायचे, पेला परत दिला की मिळायचे. बहुतेक जण तो पेला आठवण म्हणून घरी न्यायचे, तेव्हा कंपनीचं नुकसान झालं नसावं. आणि हो, प्रेक्षकांना स्टँडमध्ये बिअर मिळायची ती बिनअल्कोहोलची. जर्मनीतून युरो बघून आलेल्या बंट्याला हा मोठाच धक्का होता.

मेट्रोचं एकेरी तिकीट खेळांच्या काळात चार युरो केलं होतं. दिवसातून चार फेऱ्या होणार असतील तर सोळा युरोंचा दिवसाचा पास बरोबरीत सुटायचा, आठवडाभर राहणाऱ्यांसाठी सत्तरचा होता.

३ ऑगस्ट: फुकटचं सर्वांत भारी

सायकलची रोड रेस रस्त्यावर होते, म्हणून तिकीट नाही. पुरुषांची शर्यत २७३ किलोमीटरची, आणि शेवटी मोंमार्त्रची चढण तीनदा. आम्ही रू लपिकवर दुपारी बाराला जागा धरली. सायकली येणार पाचच्या सुमारास. पाच तास करायचं काय? वरच्या खिडकीतल्या आजीबाई दोरीने टोपली खाली सोडत होत्या, समोरचा बेकरीवाला त्यात पाव ठेवायचा. गर्दीने प्रत्येक टोपलीला टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग पोलिसांची मोटारसायकल गेली तरी टाळ्या, कुत्रं गेलं तरी टाळ्या.

तेवढ्यात फोनवर शातोरूची बातमी: मनू भाकर २५ मीटरमध्ये चौथी, हंगेरीच्या नेमबाजाशी शूट-ऑफमध्ये हुकली. दोन पदकं गळ्यात असूनही बाईच्या तोंडावर हसू नव्हतं. आदल्या दिवशी तिरंदाजीत धीरज-अंकिता चौथे, त्याआधी अर्जुन बबुता चौथा. पुढे लक्ष्य सेन, स्कीटची मिश्र जोडी आणि मीराबाईही चौथेच. भारताचे पॅरिसमधले सहा चौथे नंबर. जगात चौथा येणाऱ्या माणसाला आपण फार लवकर विसरतो, याचा मला त्या फुटपाथवर बसून भयंकर राग आला. कदाचित उन्हामुळेही असेल.

सायकली आल्या तेव्हा आधी आवाज आला, मग वारा. बेल्जियमचा रेमको एव्हनेपूल माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला: तोंड उघडं, पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या. शेवट जवळ आल्यावर त्याचं चाक पंक्चर झालं, तरी सायकल बदलून तोच जिंकला आणि आयफेल टॉवरपुढे सायकल आडवी लावून उभा राहिला. तो भाग आम्ही एका कॅफेच्या टीव्हीवर पाहिला. दुसरा-तिसरा फ्रेंच आल्यामुळे कॅफेवाल्याने सगळ्यांना सरबत पाजलं.

४ ऑगस्ट: दहा जणांची मॅच

सकाळी दहाला पुन्हा कोलोंब. उपांत्यपूर्व फेरी, ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. आता उरलेला सगळा वेळ दहाच जण. आमच्या स्टँडमधला ढोल बंद पडला. तरी हरमनप्रीतने गोल केला, मग त्यांनी बरोबरी केली, आणि त्यानंतर जे चाललं त्याला मी हॉकी म्हणणार नाही. तो वेढा होता. श्रीजेश गोलातून इतका ओरडत होता की आम्हाला वरपर्यंत ऐकू यायचं. १-१. शूटआउटमध्ये ४-२. राजकुमार पालचा चेंडू आत गेला तेव्हा माझा चष्मा कुठेतरी पडला, तो मला नंतर एका सरदारजींनी आणून दिला.

त्याच दुपारी जोकोविचने अल्काराजला दोन टायब्रेकमध्ये हरवून विम्बल्डनचं उट्टं काढलं. रात्री कालव्याकाठी मोठ्या पडद्यावर १०० मीटर. लाइल्स आणि जमैकाचा थॉम्पसन, दोघेही ९.७९. निकाल येईपर्यंत सगळा काठ थांबला होता. फरक ०.००५ सेकंदाचा.

५-६ ऑगस्ट

पाय दुखत होते, म्हणून जरा संथ. संध्याकाळी त्विलेरी बागेबाहेर थांबलो. ऑलिंपिक ज्योत फुग्याला बांधून सूर्यास्ताला वर चढवायचे. जवळून बघायला आधी नोंदणी लागायची, पण रस्त्यावरूनही ती छान दिसायची.

खाण्याचं म्हणाल तर गार द्यु नॉरपासून ला शापेलपर्यंतचा फोबूर सँ-दनीचा रस्ता. जाफनाच्या तमिळांची दुकानं, गरम वडे, डोसे, केळीच्या पानांच्या जुड्या, फणस. शाकाहारी मंडळींनी पॅरिसमध्ये उपाशी राहायचं कारण नाही.

सहा तारखेला रात्री हॉकीची उपांत्य फेरी. जर्मनीकडून ३-२. बंट्या फ्रँकफर्टला राहतो, त्याच्या ऑफिसमधल्या सगळ्यांचे त्याला मेसेज. त्याने फोन बंद करून ठेवला.

७ ऑगस्ट: साबळे

सकाळी मेट्रोत एका अनोळखी मुलीने माझ्या निळ्या टी-शर्टकडे बघून विचारलं, "दीदी, विनेशचं खरं आहे का?" आदल्या दिवशी कुस्तीत विनेश फोगाटने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या जपानच्या सुसाकीला हरवलं होतं. आता शंभर ग्रॅम जादा वजनामुळे ती बाद. पुढचे तीन स्टेशन आम्ही दोघी काही न बोलता बसलो.

रात्री स्टाद द फ्रान्स. ट्रॅक जांभळा, टीव्हीवर दिसत होता त्याहून गडद. एका कोपऱ्यात मोठी घंटा, जिंकणारे धावत जाऊन ती वाजवायचे. लांबच्या वरच्या रांगेतलं तिकीट घेतलं तरी चालतं, फक्त दुर्बीण न्या.

३००० मीटर स्टीपलचेस. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, या शर्यतीची ऑलिंपिक फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष. अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाणी. सुरुवातीला तो पुढे होता आणि आम्ही दोघंच त्या सबंध रांगेत उभे. मग मोरोक्को, इथिओपिया, केनियाचे लोक सरकत गेले. शेवटच्या फेरीत इथिओपियाचा गिर्मा अडथळ्याला अडकून असा पडला की सगळ्या स्टेडियमचा श्वास अडकला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. पुढे अल बक्काली जिंकला, त्याच्यामागे अमेरिकेचा रूक्स.

साबळे अकरावा. ८:१४.१८. महिन्याभरापूर्वी याच शहरात त्याने ८:०९.९१ चा राष्ट्रीय विक्रम केला होता. पण मी दुर्बिणीतून पाहत होते: प्रत्येक वेळी पाण्यात उतरताना तो एकच पाय बुडवत होता आणि लगेच बाहेर. शेवटपर्यंत, पाय जड झाल्यावरसुद्धा, तो नेम चुकला नाही. रेषा ओलांडल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. खाली मैदानात जल्लोष दुसरीकडे चालला होता. घरून भावाचा मेसेज आला, "फुकट जागलो." मी त्याला उत्तर दिलं नाही. समोर बसून बघितलं असतं तर त्याने ते लिहिलं नसतं.

८ ऑगस्ट: दोन झेंडे, एक टीव्ही

दुपारी कोलोंबला स्पेनला २-१ हरवून कांस्य, हरमनप्रीतचे दोन्ही गोल. श्रीजेशची शेवटची मॅच, तो गोलपोस्टवर चढून बसला. इतकं रडले की पुढच्या आजोबांनी पाण्याची बाटली दिली.

भालाफेकीची तिकिटं आवाक्यात नव्हती. ला शापेलजवळ एका पाकिस्तानी हॉटेलात गेलो. आत निम्मे हिरवे, निम्मे निळे, मालक गल्ल्यावर तणावात. नीरजची पहिली फेक फाउल, नदीमचीही. मग नदीमचा तो दुसरा भाला. तो खाली येतच नव्हता. ९२.९७, ऑलिंपिक विक्रम. हॉटेलात एकदम टेबलांवर मुठी आपटल्या. लगेच नीरजची ८९.४५, आणि आता आम्ही. त्यानंतर त्याचे प्रयत्न फाउल होत गेले आणि आमच्या बाजूचा आवाज उतरला. मालकाने सगळ्यांना जिलबी वाटली, निळ्यांना आधी. "बहनजी, सिल्वर भी कम नहीं होता," म्हणाला. बंट्याने त्याला विचारलं, आणखी एक प्लेट मिळेल का. मिळाली, बिलात लागली नाही. नंतर नीरजच्या आईचं ते वाक्य आलं, नदीमही आमचंच पोरगं आहे. त्या हॉटेलात ते कुणालाही नवीन वाटलं नसतं.

९ ऑगस्ट: विमानतळ

गेटवर चार्जिंगच्या खांबाभोवती आम्ही सात-आठ अनोळखी भारतीय, मोबाइल एकच. अमन सेहरावतने पोर्तो रिकोच्या मल्लाला १३-५ ने हरवलं. ५७ किलो. खाशाबांचं हेलसिंकीचं वजनही ५७ किलोच, हे मी तिथे जमलेल्या हरियाणाच्या मुलांना सांगितलं. त्यांना खाशाबा ठाऊक होते. एकाने खासबागेत कुस्तीही खेळली होती, आणि आमच्या पांढऱ्या रश्श्याबद्दल त्याच्या काही तक्रारी होत्या. बोर्डिंग सुरू होईपर्यंत त्यावरच वाद चालला.

विमानात फोन बंद करताना बंट्याचा मेसेज: "लॉस एंजेलिस २०२८, क्रिकेट पण आहे. रजा टाक." मी विचारलं, सायकल शर्यत असेल का. त्याने हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि वर लिहिलं, पाच तास उन्हात बसायचं असेल तर तू एकटी जा.